पुलावरचा पहारा

बाबा, मागचं गवत घोट्याच्या वर गेलंय. गुरुवारी घरमालकाचा माणूस तपासणीला येणार, त्याच्या आत ते कापायला हवं. दोनदा मशीन बाहेर काढलं. दोरी ओढली, ते सुरूही झालं. तुमच्या पहिल्या खुंटीपर्यंत गेलो आणि बंद केलं.

सगळं अजून तसंच आहे. खुंट्यांना बांधलेली सुतळी, मातीचे उंचवटे, पश्चिमेच्या कुंपणालगत तुम्ही खणलेली ती वाकडीतिकडी दरी. मेधाचे कपड्यांचे चिमटे, लाकडी ते अरब आणि निळे प्लॅस्टिकचे ते रोमन. पावसानं रोमनांची डावी बाजू आडवी केलीये. उरलेले गवतात दिसेनासे झालेत. मेधा दोरीवर कपडे टाकायला जाते तेव्हा चिमटे कमी पडतात. ती वाकून एकही उचलत नाही. टॉवेल नुसतेच टाकते.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्याविषयी चार शब्द लिहा, असं मला सांगितलंय. मोजणी खात्यात तुम्ही किती वर्षं होतात, बदल्या कुठं कुठं झाल्या, हे मेधा सांगू शकेल. मला त्यातलं काही लिहिता येत नाहीये. मला फक्त यर्मूकबद्दल लिहिता येईल, आणि त्या पुलाबद्दल.

यर्मूक तुम्ही इथल्या, माउंट रॉस्किलच्या वाचनालयातून एका पुस्तकातून घरी आणलंत. सातव्या शतकातली लढाई. एका बाजूला अरबस्तानातून नुकतेच बाहेर पडलेले मुसलमान, दुसऱ्या बाजूला रोमन सम्राटाचं केवढं तरी सैन्य. सहा दिवस चालली आणि त्यानंतर सीरिया रोमनांच्या हातून कायमचा गेला. मी ऑफिसातून येऊन बूट काढत होतो आणि तुम्ही हे सगळं मला एका दमात सांगितलंत. मी म्हटलं, "बाबा, पानिपत सोडून हे कुठलं काढलंत?"

"पानिपतावर आपण सगळे रडून झालोय, सुधीरराव. इथं आपलं कुणी मेलेलं नाही. त्यामुळे नीट मोजता येईल."

आणि तुम्ही खरंच मोजायला बसलात. पुस्तकातला नकाशा चुकलाय, असं तुमचं म्हणणं होतं. उतार दाखवलेलेच नाहीत, मग सैन्य पळालं कुठल्या दिशेनं हे कळणार कसं. दुसऱ्या दिवशी तुम्ही नातीच्या, ईशाच्या दप्तरातला कोनमापक घेतलात, बागेतल्या पारदर्शक नळीत पाणी भरून तिची लेव्हल केलीत आणि लॉनवर खुंट्या ठोकायला लागलात. मी घाबरलो. भाड्याचं घर.

"बाबा, जमीन घरमालकाची आहे."

"त्या दोघांची तरी कुठं होती?"

पुढच्या तपासणीला तो माणूस आला तेव्हा मी ऑफिसात होतो. त्यानं दरीकडे बोट दाखवून विचारलं असणार. संध्याकाळी तुम्ही सांगितलंत, "मी त्याला म्हटलं, पोटॅटो. तो म्हणाला, स्वीट ॲज, म्हणजे झकास. चांगला मुलगा आहे." आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधांचे खरेखोटे करत आलेला माणूस त्या दिवशी हसत हसत खोटं बोलला होता. मेधा आठवडाभर तुम्हाला विचारत होती, बटाटे कधी काढायचे.

मुलीच्या घरी तुम्ही पाहुण्यासारखे राहिलात. किती वर्षं येत होतात, पण साबण स्वतःचा, ताट स्वतः घासायचं, आणि आल्या दिवशीच जाण्याची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवायची. "जावयाच्या घरी माणसानं येताना परतीचं ठरवून यावं" असं म्हणायचात. मला ते लागायचं. मी एकदा चिडून म्हणालोही होतो, हे घर तुमचं नाही का? तुम्ही म्हणालात, "आहे की. म्हणून तर येतो." मेधा मुक्काम वाढवायला सांगायची, तुम्ही दोनदा नाही म्हणायचात, तिसऱ्यांदा म्हणायचात, "बरं, राहतो महिनाभर. घर कुठं पळून जातंय."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यात काही अर्थ असेल असं मला कधी वाटलं नाही.

अबू फादींची आणि तुमची ओळख कोपऱ्यावरच्या डेअरीत झाली. तुम्ही दूध आणायला गेला होतात, ते ब्रेड. तेही तुमच्यासारखेच, मुलाकडे राहायला आलेले, दिवसभर करायला काही नाही. त्यांचं गाव जॉर्डनच्या उत्तरेला, यर्मूक नदीच्या अलीकडच्या काठावर आहे हे कळल्यावर तुम्ही त्यांना हाताला धरून घरी आणलंत. दूध डेअरीतच राहिलं. मी घरी होतो त्या दिवशी. तुम्ही त्यांना तुमची दरी दाखवलीत आणि विचारलंत, "हाऊ डीप?"

त्यांनी वाकून आत बघितलं. मग म्हणाले, "नो. डीप. व्हेरी डीप. माय फादर गोट फॉल. फिनिश." आणि हातानं बकरी पडल्याचं दाखवलं.

तुम्ही लगेच फावडं आणलंत.

त्यानंतर दर मंगळवारी ते यायचे. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये चहा. दोघांचं इंग्रजी मिळून एका माणसाचं होईल एवढंच. ते लढाई सांगायचे ती विजयाची. लहानपणापासून ऐकलेली, छाती फुगवून सांगायची. तुम्ही मान डोलवायचात आणि शेवटी पुन्हा त्याच जागेवर यायचात: रोमनांच्या पाठीमागं ही दरी होती आणि दरीवर एकच पूल होता. शेवटच्या दिवसाआधी अरबांच्या घोडेस्वारांनी तो ताब्यात घेतला. मग धूळ उडाली, वारा तोंडावर आला, रांगा मोडल्या, माणसं मागं पळाली आणि कड्यावरून खाली गेली. लढाईत मेली त्याहून जास्त पळताना मेली असतील, असं तुम्हाला वाटायचं. अबू फादी म्हणायचे, अल्लाची इच्छा. तुम्ही म्हणायचात, "अल्लाची असेल. पण पुलावर पहारा का नव्हता?"

तो पूल म्हणजे ईशाची एक जुनी जँडल, इथली रबरी चप्पल. गुलाबी, पट्ट्यावर फूल असलेली. दरीवर आडवी टाकलेली.

आपला वाद तिथंच अडला होता, तुम्हाला आठवतो का? मी म्हणायचो, आपणच जिंकणार असं त्यांना वाटलं असेल, म्हणून पहारा ठेवला नाही. तुम्ही म्हणायचात, "नाही. त्यांना वाटलं, पूल कुठं पळून जातोय." हा मला तेव्हा शब्दच्छल वाटला. आपण तो वाद पुढच्या रविवारी करू म्हणून सोडला.

आणखी एक गोष्ट तुम्ही जेवताना सांगितली होती. अरबांच्या रांगा एकदोनदा मागं हटल्या तेव्हा तंबूंपाशी त्यांच्या बायका उभ्या होत्या. पळून येणाऱ्या आपल्याच नवऱ्यांना त्यांनी तंबूच्या खांबांनी हाणलं, दगड मारले, आणि परत पाठवलं. मेधाला ही गोष्ट फार आवडली. ती लाटणं घेऊन माझ्याकडे बघायला लागली. ईशा म्हणाली, "गो मम." आणि तुम्ही घास हातात धरून म्हणालात, "बघा, परतीची वाट दोन्हीकडच्यांची अडवली. पण आपल्या माणसानं अडवली की माणूस वळून लढतो. शत्रूनं अडवली की उडी मारतो."

मी तेव्हा हसलो. त्या आठवड्यात मी तुमचं पुण्यातलं घर विकायचं पक्कं केलं होतं.

हे मला आता नीट लिहायचंय. त्याआधीच्या उन्हाळ्यात तुम्ही पुण्यात बाथरूममध्ये पडलात. कामवाल्या बाई येईपर्यंत तिथंच पडून होतात. मेधाला ते कळल्यापासून ती फोन वाजला की दचकायची. तुम्ही इथं आलात तरी तुमची जायची तारीख जवळ यायला लागली की तिची झोप जायची. मला वाटलं, एकदाचा हा प्रश्न संपवावा. तुम्ही मागं कधीतरी माझ्या नावानं कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतंत, सोसायटीची कामं अडतात म्हणून. "जावईबापूंच्या हाती दिलं, म्हणजे निवांत," असं नोटरीसमोर म्हणाला होतात. मी माझ्या चुलतभावाला फोनवरून सांगितलं आणि त्यानं गिऱ्हाईक बघितलं. पैसे तुमच्याच खात्यात गेले, त्यात कुणी हात घातला नाही, हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय. त्यानं काही होत नाही. मी मेधालाही सांगितलं नव्हतं. तिला विचारलं असतं तर ती तुम्हाला विचारल्याशिवाय राहिली नसती.

मला वाटलं होतं, घरच नसलं की जायची गोष्ट निघणार नाही. थोडे दिवस वाईट वाटेल, मग रमाल. मी हे प्रेमानं केलं असं म्हणण्याची सोय आहे. पण खरं सांगायचं तर मला विमानतळावरचं मेधाचं रडणं नको झालं होतं.

चुलतभाऊ घर रिकामं करत होता तेव्हा त्यानं विचारलं, गॅलरीत एक सागवानी फळी आहे, तीन पायांवरची, तिचं काय करू. मी मीटिंगला चाललो होतो. मी म्हणालो, टाकून दे.

फेब्रुवारीत पुण्याहून तुमच्या शेजाऱ्यांचा फोन आला. मी सुट्टीवर होतो म्हणून घरी होतो. तुम्ही फोन घेतलात, "हं, हं" केलंत, "रंग कुठला लावतायत?" असं विचारलंत आणि फोन ठेवलात. मग स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या भरून मागं गेलात. मी दहा मिनिटं आत उभा राहिलो आणि मग मागं आलो. तुम्ही खुर्चीवर बसून दरीकडे बघत होतात.

"मेधाला माहीत आहे?" तुम्ही विचारलंत.

"नाही."

"मग सांगू नका. तिला वाटतंय घर आहे. वाटू दे."

मी काहीतरी बोलायला लागलो. पडण्याबद्दल, डॉक्टरांबद्दल. तुम्ही हात वर केलात, मोजणीच्या वेळी समोरच्या माणसाला थांब म्हणून करतात तसा. मग एकच गोष्ट विचारलीत.

"फळी कुठंय?"

त्या फळीवर तुम्ही तिशीत अर्ध्या जिल्ह्याचा नकाशा काढला होता. उन्हात उभं राहून तिच्यावर कागद लावायचात, असं तुम्ही ईशाला सांगत असताना मी ऐकलं होतं. ते मला चुलतभावाशी बोलताना आठवलं नव्हतं. तुम्ही विचारल्यावर आठवलं.

"आहे," मी म्हणालो. "त्याच्या माळ्यावर ठेवलीये. नीट गुंडाळून."

"बरं केलंत," तुम्ही म्हणालात.

बाबा, ती माळ्यावर नाही. ती कुठंच नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती माळ्यावर आहे असं समजून गेलात, आणि हे दुरुस्त करण्याची जागा आता माझ्याकडे उरलेली नाही. घराबद्दल तुम्हाला निदान खरं कळलं. फळीबद्दल तेही नाही.

दोन दिवसांनी मेधानं नेहमीसारखं विचारलं, "बाबा, मार्चचं तिकीट पुढं ढकलायचं का?" तुम्ही या वेळी एकदाही नाही म्हणाला नाहीत. म्हणालात, "ढकल." एवढंच. घर कुठं पळून जातंय, हे म्हणाला नाहीत. ती इतकी खूश झाली की तिच्या ते लक्षातच आलं नाही. मी ताटातला भात कालवत बसलो.

आणि त्याच आठवड्यात मी मागं गेलो तर दरीवर पूल नव्हता. चिमटे सगळे जागच्या जागी, सुतळी ताणलेली, फक्त जँडल नाही. तुम्ही खुर्चीवर पेपर वाचत होतात. मी काही विचारलं नाही. मला विचारायची गरजच वाटली नाही. तुम्ही बोलून दाखवणारे नव्हतात, तुम्ही नकाशा दुरुस्त करणारे होतात. पूल नाही, तर नकाशात पूल नको. मी तसाच आत आलो.

त्यानंतर तीन महिने आपण दोघं त्या घरात होतो. तुम्ही माझ्याशी वाईट वागला नाहीत. चहा आधी मला द्यायचात, ऑफिसची चौकशी करायचात, पाऊस पडला तर बस स्टॉपवर छत्री घेऊन यायचात. जसजसे तुम्ही चांगले वागायचात तसतसा मी तुम्हाला टाळायला लागलो. रविवारचा वाद मी पुन्हा काढला नाही, तुम्हीही नाही. अबू फादींबरोबर मंगळवार चालू होते. मी खिडकीतून बघायचो. तुमच्या त्या वाक्यातला मी कोण, हे मला तुम्हाला विचारायचं होतं. आपला माणूस की शत्रू. मी तुम्हाला वळायला लावलं की कड्याशी नेलं. एवढं विचारायला तीन महिने पुरले नाहीत.

हॉस्पिटलबद्दल मी लिहीत नाही. ते फार थोडा वेळ होतं आणि तुम्ही बोलू शकत नव्हतात.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी अबू फादी आले. खजूर आणले होते. सूनही बरोबर होती, तिनं मेधाला जवळ घेतलं. ते मागं गेले आणि खुंट्यांच्या मध्ये उभे राहिले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "ब्रिज व्हेअर?"

मी म्हणालो, "ही टुक इट."

त्यांनी मान हलवली. "नो. ही लाइक ब्रिज." मग ते खुर्चीवर बसले, एकटेच, दुसरी खुर्ची रिकामी ठेवून, आणि चहा प्याले.

मेधानं रडणं आवरल्यावर कामाला हात घातला, ती तशीच आहे. तिनं ठरवलं, अस्थी पुण्याला न्यायच्या. "आधी घरी नेऊ. घर उघडू, झाडू, एक दिवस देवापुढं ठेवू. बाबा इथून निघून आधी घरी जातील. मग नाशिकला." ट्रॅव्हल एजंटाला तिनं तारखाही विचारल्या. मग तुमच्या किल्ल्यांचा जुडगा शोधून काढला आणि माझ्या हातात दिला. "तुझ्याकडे ठेव, माझ्याकडून हरवेल."

मी तो तीन दिवस पँटच्या खिशात घेऊन ऑफिसला गेलो. चौथ्या दिवशी ती कपडे वाळत घालत असताना सांगितलं. घराचं सांगितलं, तुम्हाला कळलं होतं तेही सांगितलं. फळीचं नाही सांगितलं.

तिच्या हातात ईशाचा ओला शाळेचा शर्ट होता. ती ओरडली नाही. लाटणं, खांब, काही नाही. शर्ट पिळलेला होता तरी तिनं तो पुन्हा पिळला. मग विचारलं, "मग अस्थी उतरल्यावर कुठं ठेवायच्या? हॉटेलात?"

अजून तरी अस्थी आमच्या खोलीतल्या कपाटात आहेत, वरच्या कप्प्यात, तुमच्या स्वेटरशेजारी.

इथवर लिहिलं होतं. छापायला द्यायच्या आधी मेधाला वाचायला दिलं, कारण फळीचं तिला यातूनच कळणार होतं आणि तोंडानं सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. ओट्याशी उभी राहून तिनं दोनदा वाचलं. तिला घराचं सांगितल्यापासून ती माझ्याशी डबा, बिल, ईशाची शाळा याखेरीज बोललेली नाही. कागद परत देताना म्हणाली, "एक चुकलंय."

"काय?"

"जँडल बाबांनी नाही काढली. मी काढली."

मी कागद ओट्यावर ठेवला.

"ईशाला स्विमिंगला जायचं होतं. पोहायचे टॉग्ज सापडले, एक जँडल सापडली, दुसरी सापडेना. मग लक्षात आलं. मी मागं गेले तर बाबांनीच उचलून दिली. माती झटकून. म्हणाले, घेऊन जा, आल्यावर परत ठेव."

"मग?"

"मग काय. मी ठेवलीच नाही. विसरले." तिनं ओटा पुसायला घेतला. स्वच्छच होता. "त्यांनी आठवणही करून दिली नाही. मला वाटलं, त्यांनाही नकोय आता."

फडकं धुऊन ती आत गेली. फळीचं नावही काढलं नाही.

म्हणजे बाबा, ते तीन महिने मी जे वाचत होतो ते तुम्ही लिहिलेलंच नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण तुम्ही माझ्यावर रागावला होतात याचा तेवढा एकच पुरावा माझ्याकडे होता आणि तोही गेला. नव्हतात याचा तर कधीच नव्हता. पूल काढला नाहीत, तो परतही मागितला नाहीत. यातलं काय धरायचं, हे सांगणारं आता कुणी नाही.

आज ऑफिसला गेलो नाही. लॉन कापलं. पश्चिमेच्या कुंपणाकडचा कोपरा सोडून बाकीचं. खुंट्या उपटल्या, चिमटे गोळा करून मेधाच्या टोपलीत टाकले. गुरुवारी त्या माणसानं विचारलं तर बटाटे म्हणेन.

ईशाच्या खोलीतून जँडल आणली आणि दरीवर आडवी टाकली. शेजारी एक निळा चिमटा उभा केला. वारा आहे. तो पडतो. मी पुन्हा उभा करतो.